धाकट्या भावाला पूर्णवेळ संबळ वाजवायचंय, घर चालेल का?

चंपाषष्ठी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू का नको चाललं होतं. आमचं घर गोंधळ्याचं, म्हणजे देवीपुढे रात्रभर संबळ हे जोडवाद्य वाजवत आख्यान लावणाऱ्यांचं, त्यातले आम्ही कदमराई, गाव बार्शी तालुक्यात. आजोबा, वडील, दोन चुलते सगळ्यांनी आयुष्यभर गोंधळ घातले. मी शिकले आणि आता पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, बारावी झालाय, परवा जेवताना म्हणाला मला दुसरं काही करायचं नाही, संबळच वाजवायचं. वडील काही बोलले नाहीत, अर्ध्या ताटावरून उठले. ज्या माणसानं त्याला पाच वर्षांचा असताना पुढ्यात बसवून काठी धरायला शिकवली तोच माणूस उठून गेला, हे मला अजून पचलेलं नाही.

माझा धंदाच हिशोबाचा, म्हणून मागचं अख्खं वर्ष मी वडिलांकडून प्रत्येक गोंधळ वहीत लिहून घेतला होता. वर्षाला ५८ गोंधळ झाले. त्यातले बहुतेक तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत, मग आषाढ लागला की नवरात्रापर्यंत वही जवळपास कोरी. सुपारी, म्हणजे एका गोंधळाचे मिळालेले पैसे, सरासरी ९ हजार, गाडीला दीड हजार जातात, उरतात साडेसात. माणसं पाच पण वाटण्या सहा, कारण नाईकाला दोन (नाईक म्हणजे वडील). म्हणजे साध्या वाजवणाऱ्याच्या हातात वर्षाला ७२ हजारांच्या आसपास, महिन्याचे सहा हजार. आरतीत पडतं ते वेगळं पण त्यावर घर चालत नाही. आणि हे रात्री नऊ ते पहाटे पाच उभं राहून.

तर सरळ प्रश्न आहे. आज लोककलेवर कुणाचं घर चालतं का? चालत असेल तर कसं? मला धीर नकोय, खरं काय ते सांगा.

माणदेशी

ताई, मी हलगी वाजवतो, आटपाडीकडचा. घर चालतंय पण नुसत्या हलगीवर नाय. दोन एकर आणि चार म्हशी हायत म्हणून चालतंय. आमच्याकडं जत्रा, कुस्तीचं मैदान, मिरवणूक एवढंच काम, आणि मिरवणुकीतलं काम डीजेनं निम्मं खाल्लं. पोरगा शिकलाय तर एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की घाला, इसार घेतल्याशिवाय तारीख द्यायची नाय. मी ते शिकायला बारा वर्षं घालवली.

मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या कार्यक्रमाला बोलावलं हुतं, आम्ही आठ जण सकाळी निघून दुपारी पोचलो, रात्री साडेअकराला स्टेजवर घेतलं, दहा मिनटं वाजवलं, टाळ्या लय पडल्या, साहेब लोक येऊन आमच्यासंगं फोटो काढून गेले. पैसे चार महिन्यांनी आले ते पण निम्मे. मधल्या माणसाला फोन केला की तो म्हणायचा अहो तुम्हाला एवढा मोठा प्लॅटफॉर्म मिळाला. माझ्या माणसांची त्या दिवशीची मजुरी बुडाली ती मी म्हशीचं दूध विकून दिली. तवापासून निम्मे पैसे आधी, उरलेले स्टेजवर चढायच्या आधी. चार कामं गेली, पण जी राहिली ती नीट राहिली.

राहुटी

मी नारायणगावचा. आमच्या दारातच हे सगळं बघत मोठा झालोय म्हणून तमाशाचं सांगतो, कारण लोककलेवर शेकडो घरं चालवणारा एवढा मोठा कारभार दुसरा नाही. पाडव्याच्या सुमाराला आमच्याकडे फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन आपल्या जत्रेची तारीख ठरवतात, तिथल्या तिथे सुपारी फुटते. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसं, ट्रक, तंबू, जनरेटर, स्वयंपाकी. कलाकार हंगामापुरतेच फडावर, पण त्यांना वर्षभर खायला लागतंच, त्यामुळे फडमालक हंगामाआधी 'उचल' देतो. हे उचल प्रकरण समजल्याशिवाय तमाशातल्या माणसाचं आयुष्य समजत नाही. पावसाळ्यात घरी लग्न निघालं, आजारपण निघालं, की उचल, आणि मग ती फेडायला पुढचा हंगाम. फेडून हातात फार उरत नाही म्हणून परत उचल. मालकाची गतही वेगळी नसते, तो ती रक्कम व्याजानं आणतो. म्हणून दोघांपैकी एकालाच दोष देऊन भागत नाही.

त्यात तारखांचं दुखणं. चैत्र पौर्णिमेच्या आसपास निम्म्या महाराष्ट्राच्या जत्रा एकदम येतात. एकाच रात्रीसाठी तीन गावं मागे लागतात आणि पुढचे चार दिवस तंबू मोकळा. २०२० ला तर पाडवा होता २५ मार्चला आणि त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झाला. नुसता योगायोग, पण आमच्याकडे त्यानं अख्खा हंगाम बुडवला, उचल तर आधीच वाटून झाली होती. पुढच्या वर्षी परत ऐन एप्रिलमध्ये बंदी. ढोलकीवाले भाजी विकताना मी डोळ्यानं बघितलेत, नाचणाऱ्या बायका कांदा काढायला जात होत्या. मे २०२१ मध्ये तमाशातल्या कांताबाई सातारकर करोनानं गेल्या. ज्या बाईचं नाव ऐकून लोक बैलगाड्या जुंपून यायचे तिला शेवटचा निरोप द्यायलाही लोकांना जाता आलं नाही.

आणि तमाशातल्याच विठाबाई नारायणगावकरांबद्दल तर काय लिहू, राष्ट्रपतींच्या हातून गौरव झालेली बाई, शेवटी औषधपाण्याला पैसे नव्हते. २००२ साली गेल्या. आता त्यांच्या नावानं सरकार दर वर्षी जीवनगौरव देतं.

लाकडी_खोड

वरच्या दादांनी उचल बरोबर सांगितली. मी ढोलकीवाला, पहिली सहा वर्षं संगीत बारीत (लावणीच्या थिएटरात), चौफुल्याला आणि मोडनिंबला, आता शहरातल्या लावणी शोला आणि कधी नाटकाला वाजवतो. इकडे 'नाइट' मिळते, म्हणजे शो झाला की त्या रात्रीचे पैसे, हिशोब साफ. पण शो नाही तर नाइट नाही, आजारी पडलो तर शून्य. ज्या महिन्यात शो भरपूर असतात त्या महिन्यात मी बँकेतल्या क्लार्कएवढं कमावतो आणि जुलैत बायकोच्या शिवणकामावर घर चालतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तुमच्या भावाला माझं एक सांगणं आहे की फक्त संबळ वाजवून चालणार नाही. दिमडी, हलगी, चौंडकं, जमलं तर ढोलकी, सगळ्यावर हात बसवायचा. आज रेकॉर्डिंगला बोलावतात ना, तिथं एकच माणूस चार वाद्यं वाजवून जातो. क्लिकवर वाजवायची सवयही हवी, कानात ठोके चालू आणि आपण त्यावर. गोंधळातला माणूस आख्यानाच्या ओघात लय चढवत नेतो, स्टुडिओत ते चालत नाही, पहिल्यांदा फार गुदमरायला होतं. पण एका दिवसात आठवड्याच्या गोंधळाएवढे पैसे सुटतात, आणि पावसाळ्यातही. पावसाळ्यात चामडं ढिलं पडून सूर उतरतो, सारखं शेकायला लागतं, स्टुडिओतल्या एसीत त्याचं वेगळंच काहीतरी होतं, त्यामुळे वेगवेगळ्या हवेसाठी दोन जोड लागतात. हा खर्चही वहीत धरा ताई.

दूरदेशी

मी इंग्लंडच्या उत्तरेला राहते, गाव मिरज. इथे फोक क्लब नावाचा प्रकार आहे, तो सांगते कारण मला वाटतं यातलं काहीतरी घेण्यासारखं आहे. १९५०-६० च्या दशकात इथे जुनी लोकगीतं परत गाण्याची लाट आली तेव्हापासून हे क्लब चालू आहेत. क्लब म्हणजे फार मोठं काही नाही, बहुतेक वेळा पबच्या वरची किंवा मागची खोली, तीस-चाळीस खुर्च्या, आठवड्यातला किंवा महिन्यातला ठरलेला वार. दारात एक आजी पैशांचा डबा घेऊन बसलेली असते. सुरुवातीला गावातलेच दोन-चार हौशी लोक एकेक गाणं म्हणतात, त्यांना पैसे नाहीत, मग ठरलेला पाहुणा गातो, त्याला आधी कबूल केलेली रक्कम किंवा दारात जमलेले पैसे. मध्यंतरात लकी ड्रॉ होतो, त्याची तिकिटं विकून खोलीचा खर्च निघतो. पाहुणा आपल्या सीडी विकतो. गाण्याचं ध्रुवपद सगळी खोली मिळून गाते, माइक बहुतेक नसतोच.

यावर घर चालतं का, तर एका क्लबवर नाही. जे फक्त गाण्यावर जगतात ते रोज वेगळ्या गावाला गाडी हाकतात, लोकांच्या घरी सोफ्यावर झोपतात, दिवसा शाळांमध्ये शिकवतात, उन्हाळ्यात मोठे महोत्सव करतात. बाकीचे नोकरी करून गातात. क्लबात बसणारे लोकही म्हातारे होत चाललेत, तरुण कमी येतात, ती चिंता इथेही आहे. पण ठरलेला वार, छोटी खोली आणि दारात तिकीट या तीन गोष्टींमुळे गाणाऱ्याला वर्षभर कुठेतरी जाता येतं, एकाच हंगामाच्या भरवशावर राहावं लागत नाही. तुमच्या वहीतले आषाढ ते भाद्रपदाचे कोरे महिने वाचून मला पहिलं हेच आठवलं.

नदीकाठ

पण गोंधळ आणि पबमधली गाणी यांची तुलना होत नाही. गोंधळ हा विधी आहे. चौक भरायचा, घट मांडायचा, उसाची धाटं बांधायची, दिवटी पेटवायची, देवीला आवतण द्यायचं, तेव्हा गोंधळ. तिकीट लावून खुर्च्यांपुढे तोच गोंधळ केला तर उरलं काय? लग्नात गोंधळ घालायचा तो कुळाचार म्हणून, मनोरंजन म्हणून नाही. आमच्या घरी दर लग्नानंतर होतो आणि गोंधळ्यांना आम्ही कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही, आहेर करतो, जेवू घालतो.

चंपाषष्ठी

नदीकाठ, तुमच्या घरी मान मिळतो हे वाचून बरं वाटलं, खरंच. पण 'रिकाम्या हातानं पाठवलं नाही' या वाक्यात आमचं सगळं दुखणं आहे हो. माझे आजोबा आख्यान लावायचे तेव्हा लोक रडायचे, आणि पहाटे तेच आजोबा ओसरीच्या खाली उभे राहून मालक जे देतील ते घ्यायचे. रक्कम विचारायची नसते, देवीचं काम आहे म्हणायचं. भटजींची दक्षिणा आधी ठरते, मंडपवाल्याचं ठरतं, केटररचं ताटावर ठरतं. आमचंच तेवढं खुशीवर. शाळेत मला पोरी 'मागत्याची पोर' म्हणायच्या. आमची जात भटक्या जमातीत आहे, फिरून मागून खाणारे म्हणूनच गावानं आम्हाला ओळखलं. आठ तास वाजवणं हे काम आहे, ते मागणं नाही, हे मला माझ्या वडिलांनाही पटवून देता आलेलं नाही.

विधीचं म्हणाल तर वडिलांचं मत तुमच्यासारखंच आहे. ते म्हणतात चौक मांडल्याशिवाय जोगवा गाणार नाही. मला ते मान्य आहे. पण संबळाच्या चाली, गवळणी, आख्यानातल्या गोष्टी, त्या स्टेजवर सांगायला देवीची काय हरकत असेल असं मला वाटत नाही.

पहिली_रांग

मी वीसेक वर्षं आमच्या उपनगरात दिवाळी पहाट आणि चैत्रपालवी अशा कार्यक्रमांच्या आयोजनात आहे. या धाग्यावर माझ्यासारख्यानं बोलायला हवं. आमचं बजेट ठरतं कसं ते सांगतो. आधी हॉल, मग साउंड आणि लाइट, मग मुख्य गायक, मग निवेदक, मग हार-शाल-श्रीफळ, आणि उरेल त्यात लोककलावंत, कारण ते 'अ‍ॅडजस्ट करतात' हे आम्हाला माहीत असतं. मी स्वतः एका वर्षी शास्त्रीय गायकांना हॉटेलात उतरवलं आणि वाघ्या-मुरळीच्या पार्टीला शाळेच्या वर्गात. त्यातल्या मुरळी बाई साठीच्या होत्या, रात्री त्यांनी बाकं जोडून त्यावर झोप काढली. सकाळी लंगर (लोखंडी साखळी) तोडायचा खेळ बघून सगळं प्रेक्षागृह उभं राहिलं आणि मला त्या बाईंच्या डोळ्याला डोळा देववेना.

त्यानंतर आम्ही एक केलं, कलावंतांची रक्कम आधी लिहायची आणि साउंडवाल्याशी घासाघीस करायची. जमतं. चार वर्षं जमलंय. तेव्हा ताई, तुमच्या भावानं रक्कम सांगताना 'तुम्ही द्याल ते' म्हणायचं नाही. आकडा सांगितला की आयोजक तो आकडा लिहितो, नाही सांगितला की शिल्लक लिहितो.

टेपरेकॉर्डर

रेकॉर्डिंगचा विषय निघालाय म्हणून. माझ्या मामांनी १९९० च्या आसपास एका कॅसेट कंपनीसाठी दोन तासांचं आख्यान रेकॉर्ड केलं होतं, एकरकमी काहीतरी मिळाले, कागदावर अंगठा दिला. दोन वर्षांपूर्वी मी मामांचा घरचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, त्याच पारंपरिक चालीतला, तर दुसऱ्याच कुणा कंपनीचा दावा आला की हे गाणं आमचं. पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेलं पद! मी हरकत घेतली, महिनाभर लागला, दावा काढून घेतला त्यांनी.

यातून जे शिकलो ते असं. पारंपरिक चाल कुणाच्याच मालकीची नसते, पण त्या चालीचं जे रेकॉर्डिंग होतं ते मालकीचं असतं, आणि ते कुणाचं हे कागदावर ठरतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला, म्हणजे नुसतं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही, स्वतःचा हक्क आहे, तो ५० वर्षं टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचा वाटाही आहे. प्रत्यक्षात तो मिळवणं अवघड, पण कागदावर सगळे हक्क कायमचे दिले असं लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी कुणाला तरी दाखवा. भाऊ स्वतः नवीन पदं रचत असेल, चाल बांधत असेल, तर आयपीआरएसचा सभासद व्हायला सांगा. तिथे गीतकार-संगीतकारांचे पैसे जमा होतात.

राहुटी

सरकारी योजनांचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकारचं महिन्याचं मानधन आहे, आधी जिल्हा पातळीच्या कलावंताला २,२५० होते, २०२४ पासून सगळ्यांना सरसकट ५ हजार. वयाची अट ५०, उत्पन्नाची पण अट आहे. वडिलांचा अर्ज केलाय का? जुनी पत्रकं, कात्रणं, प्रमाणपत्रं लागतात आणि गोंधळ्याकडे कात्रण कुठून असणार, तिथेच आमच्याकडचे कितीतरी अडकले. तुमची वही जपून ठेवा, प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो आणि यजमानाची सही घ्या, पुढं कामाला येईल. आणि वीस रुपये वर्षाला भरून बँकेतला दोन लाखांचा अपघात विमा प्रत्येकानं काढाच. रात्रीच्या प्रवासात गाड्या उलटून गेलेली माणसं मी मोजलीत.

लाकडी_खोड

अजून एक, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, तिथं रीतसर अभ्यासक्रम आहेत. पदवीनं वाजवणं सुधारतं असं नाही, पण तिथं तमाशातला, भारुडातला, विदर्भातला खडीगंमतवाला पोरगा शेजारी बसतो आणि पुढची पंधरा वर्षं ती पोरं एकमेकांना काम देतात. भाऊ आधी कसलीही पदवी करू दे आणि मग तिकडे जाऊ दे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणेंचं पण बघा, गुरांच्या गोठ्याचं म्युझियम केलं, चित्रकथी (चित्रं दाखवत सांगितलेली गोष्ट) आणि कळसूत्री बाहुल्या तिथं दाखवतात, मुलं त्यातच आहेत. २०२१ ला पद्मश्री मिळाली पण त्याच्या किती आधीपासून ते लोकांना आपल्या दारात आणत होते. कुणी बोलवायची वाट बघत बसले नाहीत.

माणदेशी

हे बेस सांगितलं. दारात आणायचं.

चंपाषष्ठी

सगळ्यांचे मनापासून आभार. पंधरा दिवस इथे आले नाही कारण गावाला गेले होते, काय झालं ते लिहिते.

पहिल्या रात्री वडिलांना हा पूर्ण धागा वाचून दाखवला. माणदेशी दादांच्या म्हशीच्या दुधापाशी ते 'हं' म्हणाले, विठाबाईंपाशी उठून पाणी पिऊन आले. त्यांनी विठाबाईंचा फड बघितलाय लहानपणी. मी विचारलं दादा, तुम्ही त्या दिवशी ताटावरून का उठलात. खूप वेळ गप्प बसले. मग म्हणाले, पोरगं वाजवणार म्हणाल्यावर मला आनंद झाला आणि आनंद झाला म्हणून माझीच मला भीती वाटली, ह्याला नाही म्हणायची ताकद माझ्यात राहायची नाही.

नंतर तेच म्हणाले ती वही आण. आम्ही तिघं बसलो. ठरलं ते असं की भाऊ बार्शीला बीएला प्रवेश घेणार, ती अट वडिलांची. लग्नसराईत वडिलांबरोबर गोंधळ, आणि चौक मांडल्याशिवाय जोगवा नाही, तीही त्यांचीच अट. या हंगामापासून सुपारी १४ हजार सांगायची, गाडीभाडं वेगळं, इसार निम्मा. चुलते म्हणाले गिऱ्हाईक तुटेल. तुटेलही कदाचित. पण ५८ चे ४० गोंधळ झाले तरी १४ च्या हिशोबानं जास्त सुटतात हे मी त्यांना गुणाकार करून दाखवलं, ५ लाख ६० हजार, आणि गाडी बाजूला. अठरा रात्रींची झोप वर. तेव्हा कुठे मान हलवली. साध्या वाटणीला ९३ हजार येतात, अजून घर चालण्याइतके नाहीत, मला माहीतय.

म्हणून कोऱ्या महिन्यांसाठी दूरदेशी ताईंचं घेतलंय. आषाढ ते भाद्रपद, महिन्यातून एक शनिवार, पुण्यात ५० खुर्च्यांची खोली, तिकीट २००, माइक नाही. पहिल्या शनिवारी भाऊ आणि चुलते, संबळ-तुणतुणं, आणि मधे वडील वीस मिनिटं वाद्याची आणि आख्यानाची गोष्ट सांगणार. दुसऱ्या शनिवारी हलगी ठेवायची इच्छा आहे. माणदेशी दादा, तुमची रक्कम काय ते मला आकड्यात कळवा, निम्मे आधी पाठवते.

माणदेशी

पाठवतो ताई आकडा. आठ जण नको, खोली लहान हाय, कान फुटतील लोकांचे. तिघं येतो. फक्त शेकायला शेगडी लागंल, पावसाचे दिवस हायत.

पहिली_रांग

कर्वेनगरला एका वाचनालयाचा वरचा हॉल आहे, साठेक माणसं बसतात, शनिवारी संध्याकाळी रिकामा असतो. भाडं विचारून उद्या सांगतो. शेगडीला परवानगी मिळेल का तेही विचारतो.